नळीवाल्या मावशी

ग्रंथपालांनी दोन्ही कार्ब्युरेटर एकाच दिवशी खोलले, हा पहिला गुन्हा. दोघांचे सगळे भाग एकाच टबात धुतले, हा दुसरा. या दोन्हींना एक वेळ माफी मिळाली असती. तिसऱ्याला नव्हती. धुऊन, पुसून, लख्ख झालेले ते भाग त्यांनी जेवणाच्या टेबलावर वर्गवारीने मांडले.

चौतीस वर्षं वाचनालयात काढलेला माणूस. सारख्याशेजारी सारखं दिसलं नाही की त्यांच्या हाताला खाज सुटते. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघरातले डबे अकारविल्हे लावले होते आणि पुढचा आठवडाभर घरात कुणी कुणाशी बोललं नव्हतं. आज तर काय, समोर कोरं टेबल आणि हाताशी सव्वाशे वस्तू! लहान स्क्रू एका बशीत, मोठे दुसऱ्या बशीत, स्प्रिंगा तिसरीत, सुया चौथीत. पितळेच्या नळ्या वेगळ्या, वायसर वेगळे. अॅल्युमिनियमच्या दोन उंच टोप्या शेजारी शेजारी, आणि त्यांच्यापुढे दोन पिस्टन, म्हणजे दट्टे, जुळ्या भावांसारखे उभे. प्रत्येक बशीपुढे चिठ्ठी आणि चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात नाव. ग्रंथपाल दोन पावलं मागे सरले आणि त्यांनी समाधानाने चष्मा पुसला.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली.

"अहो, चहाला एक तरी बशी शिल्लक ठेवलीत का?"

"आज कपाने पिऊ."

"बरं." तिने टेबलाला प्रदक्षिणा घातली. "छान दिसतंय हो. अगदी प्रदर्शन. पण यातलं पुढच्या कार्ब्युरेटरचं कुठलं आणि मागच्याचं कुठलं?"

ग्रंथपालांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. एकेका बशीत डोकावून पाहिलं.

मग त्यांनी दुरुस्तीचं पुस्तक ओढलं आणि पहिल्यांदाच त्याची प्रस्तावना वाचली. प्रस्तावनेत, जाड ठशात, पहिलीच सूचना होती: एका वेळी एकच कार्ब्युरेटर खोलावा; जोडीचे भाग एकमेकांत मिसळू देऊ नयेत. प्रस्तावना न वाचणाऱ्या वाचकांवर चौतीस वर्षं डोळे वटारणाऱ्या माणसाने नेमकी प्रस्तावना गाळून थेट नवव्या पानापासून सुरुवात केली होती.

गाडी स्वतःची असती तर ग्रंथपाल हसले असते. गाडी ताईची होती.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, त्यांच्याहून सोळा वर्षांनी मोठी. वडील गेले तेव्हा ग्रंथपाल तीन वर्षांचे होते, आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नुकतीच चिकटलेली ताई एकोणीस वर्षांची. पाच भावंडं आणि आई, असा सगळा गाडा त्या एकोणीस वर्षांच्या पोरीने ओढला. सगळे मार्गी लागत आले तेव्हा तिने स्वतःसाठी आयुष्यात एकच गोष्ट घेतली. जुनी, लाल रंगाची, उघड्या टपाची दोन माणसांची स्पोर्ट्स कार. घरात माणसं सहा आणि गाडीत जागा दोन! शेजारी म्हणाले, पोरीचं डोकं फिरलंय. ताई म्हणाली, "डोकं नाही, चाक फिरलंय. सरका बाजूला."

वाचनालयातल्या मुलाखतीला ग्रंथपालांना तिनेच या गाडीतून नेलं होतं. अर्ध्या वाटेत गाडी बंद पडली. ग्रंथपाल रडवेले झाले. ताई खाली उतरली, बोनेट उघडलं, पायातला बूट काढला आणि त्याच्या टाचेने कार्ब्युरेटरच्या बाजूला दोन टोले दिले. गाडी सुरू झाली. चौतीस वर्षांची नोकरी, घर, पेन्शन, सगळं त्या टाचेच्या दोन टोल्यांवर उभं होतं, आणि ग्रंथपाल ते कधी विसरले नव्हते.

आता ताई अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाली होती. गाडी चौदा वर्षं शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. या महिन्याच्या सुरुवातीला डोळ्यांच्या डॉक्टरांनी ताईला सांगितलं, "नजर अजून चालेल अशी आहे, पण उतरतीला लागली आहे. लायसन्स महिनाअखेरीला संपतंय ना? मग दिवसाउजेडी, ओळखीच्या रस्त्यावर काय चालवायचं ते तोवर चालवून घ्या. नवीन लायसन्ससाठी मी सही देणार नाही."

ताईने ही गोष्ट जेवताना सांगितली आणि पुढचा घास घेतला. "एकदा धरणाच्या रस्त्याने जाऊन आले असते," एवढंच म्हणाली. त्यावर ग्रंथपालांच्या तोंडून निघून गेलं, "मी करतो ना गाडी तयार!"

"तू? तुला सायकलची चेन बसवता येत नाही."

"पुस्तक आहे."

"हो, पुस्तक असेलच," ताई म्हणाली.

महिनाअखेर यायला अठरा दिवस होते. गाडीचा पंप ठीक होता, बॅटरी नवी बसवली होती. फक्त इंजिनाला हवा आणि पेट्रोल मिसळून देणाऱ्या दोन्ही कार्ब्युरेटरमध्ये जुन्या पेट्रोलची चिकट राळ झाली होती. एक एक करून खोलून धुतला असता तरी काम भागलं असतं. आता टेबलावर सव्वाशे भागांचं प्रदर्शन होतं.

संध्याकाळी ताईचा फोन आला.

"झालं का रे?"

"होतंय."

"काही लपवतोयस?"

"छे छे. नाही."

"दूध सांडलंस की असाच 'छे छे' म्हणायचास तू," ताई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपालांनी गावातली सहा गॅरेज पालथी घातली. पहिल्या गॅरेजवाल्याने कार्ब्युरेटरचा फोटो बघून विचारलं, "याला कॉम्प्युटर कुठे लावायचा?" दुसरा म्हणाला, "आमच्या आजोबांना जमलं असतं." बाकीच्यांनी तेवढंही सांगितलं नाही. ग्रंथपाल घरी येऊन खुर्चीत बसले. समोर बशा. बायको शिलाई मशीनवर उशीचे अभ्रे शिवत होती. दोरा तुटला तशी ती म्हणाली, "अहो, माझं हे मशीन ज्या दुरुस्त करतात ना, त्या नळीवाल्या मावशी, त्यांच्या दुकानात भिंतीवर असलंच काहीतरी टांगलेलं असतं. टोप्या टोप्या. मी समजत होते, कसली तरी समई असेल."

ग्रंथपाल चप्पल घालून निघालेसुद्धा.

दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधली बोळकंडी. वर पत्रा, आत एक लांब बाक, बाकावर पोट उघडी टाकलेली चार शिलाई मशीनं, आणि त्यांच्यामागे एक बारीक, ताठ, पांढऱ्या केसांची बाई. एकोणसत्तर वर्षांच्या. ग्रंथपालांहून सातच वर्षांनी मोठ्या, पण सगळं गाव त्यांना मावशी म्हणायचं, त्यांना तरी दुसरं काय सुचणार! गळ्यात डॉक्टर स्टेथोस्कोप अडकवतात तशी हातभर लांबीची काळी रबरी नळी. त्या नळीवरून नाव पडलं होतं. आणि भिंतीवर, खिळ्यांना ओळीने टांगलेले, खरेच कार्ब्युरेटर.

ग्रंथपालांनी सारी कहाणी सांगितली. मावशी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघायच्या. आपल्या दाताला काही लागलंय की काय, म्हणून ग्रंथपालांनी मधेच रुमाल फिरवला.

"वर्गवारीने लावले?" मावशींनी विचारलं.

"हो."

"चिठ्ठ्या लावून?"

"हो. सुवाच्य."

मावशींनी पाना खाली ठेवला. "म्हणजे गावातले सगळे नवरे एका खोलीत कोंडलेत, सगळ्या बायका दुसऱ्या खोलीत, दारावर पाट्या लावल्यात, आणि आता विचारताय कुणाचं लग्न कुणाशी झालंय."

ग्रंथपालांनी मान खाली घातली.

"नवऱ्याशेजारी नवरा ठेवून संसार होत नाही, पुस्तकवाले. उद्या सगळं घेऊन या. बशांसकट. चिठ्ठ्या घरी ठेवा."

"मावशी, तुमचे उपकार कसे..."

"आणि येताना जुना टूथब्रश आणा," मावशी म्हणाल्या आणि मशीनच्या पोटात शिरल्या.

दुसऱ्या दिवसापासून ग्रंथपालांची शाळा सुरू झाली. मावशींनी त्यांना आपल्या डाव्या हाताच्या स्टुलावर बसवलं. पहिल्या दिवशी ते चुकून उजवीकडे बसले, तर मावशींनी स्टूल उचलून डावीकडे ठेवलं. मशीन दुरुस्तीला आलं की मावशी तिकडे वळायच्या, मशीन गेलं की इकडे. अधूनमधून बोलायच्या, त्यातून ग्रंथपालांना त्यांचं आयुष्य तुकड्यातुकड्याने कळत गेलं, एखादी कादंबरी सुटी पानं गोळा करत वाचावी तसं.

मावशींचे यजमान गॅरेजवाले. माणूस हत्तीएवढा, बोटं केळ्याएवढी. इंजिन एकट्याने उचलायचे, पण कार्ब्युरेटरचा बारीक स्क्रू त्यांच्या हातून हटकून पडायचा. पडला की शिव्या, शिव्या ऐकून शेजारी. "म्हणून एक दिवस मी म्हटलं, आणा इकडे. स्वयंपाकाच्या ओट्यावर खोलला पहिला. डाळीतले खडे निवडणारीला स्क्रू निवडायला काय लागतं?" वर्षभरात गावातल्या सगळ्या गाड्यांचे कार्ब्युरेटर त्या ओट्यावर येऊ लागले. यजमान इंजिनं उचलत, मावशी त्यांना श्वास घ्यायला शिकवत. "जेवायला मात्र बसायचे तेव्हा प्रत्येक घासाला पेट्रोलचा वास. पण बारा वर्षांत एकदा तक्रार केली नाही त्यांनी. भला माणूस."

यजमान गेल्यावर गॅरेज मावशींनी एकट्याने चालवलं. पुढे शहराच्या बस डेपोत त्यांना बोलावणं आलं, इंजिनं तपासण्याच्या शेडमध्ये. एका वेळी चार चार इंजिनं बांधून ठेवून पूर्ण वेगाने सोडायची, आणि मधे उभं राहून कोण कुरकुरतंय ते ओळखायचं. एकवीस वर्षं तिथं. मग नव्या गाड्या आल्या, त्यांच्या पोटात कॉम्प्युटर आला, कार्ब्युरेटर गेले. मावशी शिलाई मशीनकडे वळल्या. "सुई इथंही, सुई तिथंही. फक्त इथं चुकली तर बाई ओरडते, तिथं इंजिन."

शिकवण्याची त्यांची रीत एकच होती. दोन अॅल्युमिनियमची ताटं. एकाच्या काठाला लाल दोरा बांधलेला, दुसऱ्याच्या निळा. "लाल ताटातलं निळ्यात गेलं, तर माझ्या दुकानात पाऊल टाकायचं नाही. एक कार्ब्युरेटर उघडायचा, दुसरा बंद ठेवायचा. उघडलेल्याचं काही विसरलं, की बंद असलेल्याला विचारायचं. तुम्ही दोन्ही उघडलेत. म्हणजे उत्तरपत्रिकासुद्धा फाडलीत."

"मग आता?"

"आता लग्नं जुळवायची. घाबरू नका. सगळेच काही एवढे एकनिष्ठ नसतात. स्क्रू, वायसर, हे कुणाहीबरोबर नांदतात. भांडण फक्त दट्ट्याचं आणि टोपीचं. एका दट्ट्याला एकच टोपी मापाची. आत हवेनं तो वर-खाली व्हायचा, कुठंही घासायचा नाही आणि सैलही पडायचा नाही. घासला तर गाडी गुदमरते, सैल पडला तर खोकते."

मावशींनी एक दट्ट्या घेतला, त्यावर एक टोपी चढवली, खालची भोकं बोटांनी दाबली आणि टोपी उलटी धरून सोडली. टोपी अर्ध्यात गच्च अडकली.

"यांचं पटत नाही," मावशी म्हणाल्या.

टोप्यांची अदलाबदल केली. पुन्हा भोकं दाबली. "मोजा."

टोपी सावकाश उतरू लागली. आतली हवा दबत, निसटत, थोडी थोडी वाट देत. ग्रंथपाल श्वास रोखून मोजू लागले. एक... दोन... सहा म्हणेपर्यंत टोपी अलगद टेकली. दुसरी जोडी लावली. तीही सहाला टेकली.

ग्रंथपालांना एकदम गहिवरून आलं. सव्वाशे भागांच्या गोंधळात त्यांना हजारो शक्यता दिसल्या होत्या. या बाईने दोन मिनिटांत दाखवून दिलं की होत्या दोनच.

"मावशी, तुम्ही खरोखर..."

"तोंड सुरू झालं की हात थांबतात तुमचे. जेट धुवा."

जेट म्हणजे पितळेची बारीक नळी. तिच्यातून पेट्रोल येतं आणि सुई त्यात वर-खाली होऊन किती यायचं ते ठरवते. ग्रंथपालांनी आत अडकलेली राळ काढायला तार घेतली, तर मावशींनी त्यांच्या हातावर चमच्याने चापट मारली. "तार नाही! ओरखडा पडला की जन्माची खोड. भिजवा, ब्रश करा, फुंका." ग्रंथपाल फुंकत राहिले. तीन दिवस गालफडं दुखत होती. घरी बायकोने विचारलं, "तुतारी शिकताय का?"

सांध्यांच्या मधे बसवायचे पुठ्ठे, म्हणजे गॅस्केट, कुठंच मिळेनात. मावशी म्हणाल्या, "जाड, घट्ट, गुळगुळीत कागद पाहिजे. हल्ली असला कागद कुणी करत नाही." ग्रंथपाल उठले आणि घरी जाऊन एक पुठ्ठ्याची पेटी घेऊन आले. वाचनालयाची यादी कॉम्प्युटरवर गेली तेव्हा टाकून दिलेली जुनी तालिकापत्रं, म्हणजे प्रत्येक पुस्तकाचं एकेक जाड कार्ड, त्यांनी घरी आणून ठेवली होती, टाकवली नव्हती. मावशींनी एक पत्र बोटांत घासलं, वाकवलं, उजेडात धरलं.

"हे कामाचं आहे," त्या म्हणाल्या. मावशींच्या तोंडून एवढं म्हणजे सुवर्णपदक. मग ओरडल्यासारखं पुढे, "मला वाटलं नुसते वाचताच!"

लाल गाडीच्या इंजिनाला आणि कार्ब्युरेटरला जोडणाऱ्या सांध्यात आजही जे गॅस्केट आहे, त्याच्यावर ग्रंथपालांच्या सुवाच्य अक्षरात "हेही पाहा" असं लिहिलेलं आहे.

महिनाअखेरीला तीन दिवस उरले असताना दोन्ही कार्ब्युरेटर ताईच्या शेडमध्ये गाडीवर चढले. ताई दाराशी खुर्ची टाकून बसली होती. तिला एव्हाना सगळं कळलं होतं, अर्थात ग्रंथपालांच्या बायकोकडून.

"सव्वाशे चिठ्ठ्या म्हणे?" ताईने विचारलं.

"सव्वाशे नाही. एकवीस," ग्रंथपाल म्हणाले.

स्टिअरिंगपाशी बसलेल्या बायकोने किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, शिंकलं, पुन्हा खोकलं, आणि चौदा वर्षांनी चालू झालं. पण कसं! सगळी गाडी थरथरत होती, पुढचा दिवा डुलत होता, आणि शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडून समोरच्या तारेवर जाऊन बसली.

"एक जास्त ओढतोय, एक कमी," मावशी म्हणाल्या. "दोघांनी सारखा श्वास घेतला पाहिजे." त्यांनी गळ्यातली नळी काढली. एक टोक पुढच्या कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरलं, दुसरं डाव्या कानाशी. मग मागच्याच्या. पुन्हा पुढच्या. हातातला स्क्रू-ड्रायव्हर मात्र हलला नाही. असं बराच वेळ चाललं. ताई खुर्चीतून वाकून बघत होती.

मावशींनी इंजिन बंद करायला सांगितलं. नळी ग्रंथपालांपुढे धरली.

"घ्या."

"मी? मला काय कळतंय यातलं?"

"मला ऐकू येत नाही," मावशी म्हणाल्या. घरातली साखर संपली आहे, असं सांगावं तितक्या साधेपणाने. "उजवा कान डेपोत गेला, तो गेलाच. डाव्याला बोलणं कळतं, पण ही बारीक फुसफुस आठ-दहा वर्षांत ऐकलेली नाही. वाटलं होतं, आज येईल. नाही आली."

आता ग्रंथपालांना स्टुलाचा अर्थ लागला. त्यांनी ताईकडे पाहिलं. तिने खुर्चीच्या हातावर बोट आपटायचं थांबवलं होतं. आज जुळलं नाही, तर ती गाडी या महिन्यात शेडबाहेर पडणार नव्हती, आणि पुढच्या महिन्यात ताईला ती चालवता येणार नव्हती.

"मावशी, मला जमणार नाही हो."

"तुमचं काम काय होतं इतकी वर्षं?"

"वाचनालयात..."

"तिथं दिवसभर काय ऐकायचात?"

"काही नाही. शांतता."

"आणि शांततेत कुणी कुजबुजलं तर?"

ग्रंथपालांनी नळीकडे पाहिलं. वाचनालयाच्या दोनशे खुर्च्यांतून कोण कुजबुजतंय हे ते पाठमोरे असतानाही सांगायचे. चौथ्या टेबलावर पेपरची घडी मोडली तरी त्यांची मान वळायची. कॉलेजातली प्रेमं त्यांनी नुसत्या आवाजावरून ओळखली होती आणि तितक्याच हळू आवाजात शू करून थांबवली होती.

त्यांनी नळी कानाला लावली. मावशींनी इंजिन सुरू करायची खूण केली.

इंजिनाच्या सगळ्या गडगडाटाखाली, नळीच्या तळाशी, एक अगदी बारीक आवाज होता. शूऽऽऽ. ग्रंथपालांना हसूच आलं. हा तर त्यांचा स्वतःचा आवाज! त्यांनी नळी मागच्या कार्ब्युरेटरकडे नेली. तिथंही शू, पण वरच्या पट्टीतली, घाईची, एखादा नवशिका मदतनीस वाचकांना दटावतो तशी.

"मागचा जास्त ओरडतोय," ते म्हणाले.

मावशी त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांनी स्क्रू किंचित फिरवला. "आता?"

"अजून जास्त. थोडा."

"आता?"

"आता पुढचा जास्त. गेलात पुढे. मागे घ्या. अजून... केसभर..."

"केस कुणाचा? तुमच्या डोक्यावर आहेत तेवढेच?"

"केसभर म्हणजे... थांबा! थांबा, तिथंच."

नळी पुढे, नळी मागे. पुढे, मागे. दोन्हीकडून एकच आवाज येत होता, एकाच माणसाने दोन खोल्यांच्या दारातून म्हणावं तसा. मावशींनी स्क्रू सोडला आणि आपला तळवा मडगार्डवर सपाट टेकवला. डोळे मिटले. दुसऱ्या हाताने त्या एकेका दट्ट्याखालची बारीक पिन किंचित वर उचलून बघत होत्या, इंजिन त्यावर काय म्हणतं ते तळव्याने ऐकत होत्या. खाली नट अर्धा आटा फिरवला. पुन्हा तळवा.

गाडीची थरथर थांबली. दिवा स्थिर झाला. कबुतरं तारेवरून परत पत्र्यावर आली.

ताई खुर्चीतून उठली, बोनेटपाशी आली आणि लहानपणी परीक्षेच्या दिवशी फिरवायची तसा तिने ग्रंथपालांच्या डोक्यावरून हात फिरवला. ग्रंथपालांना बोलायचं होतं. त्यांनी मावशींकडे वळून सुरुवात केली, "मावशी, आज जर तुम्ही..."

"सरका तिथून. पायाखाली माझा पाना आहे," मावशी म्हणाल्या.

लायसन्सच्या शेवटच्या दिवशी सकाळी दहा वाजता लाल गाडी रस्त्यावर आली. ताईने डोक्याला रुमाल बांधला होता, डोळ्यांना मोठा काळा चष्मा. शेजारची जागा एकच. ग्रंथपाल इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. त्यांनी दार उघडलं.

"तू नाही," ताई म्हणाली. "वाटेत बंद पडली तर तू काय वाचून दाखवणार आहेस? मेकॅनिक बसेल."

मावशी बसल्या. नळी गळ्यात, हात मांडीवर, चेहरा असा की गेली चाळीस वर्षं रोज अशाच गाडीतून हिंडताहेत. गाडी कोपऱ्यावरून वळली. तिचा आवाज बराच वेळ येत राहिला; ग्रंथपाल मान वाकडी करून तो ऐकत राहिले. दोन्ही श्वास सारखे.

"कौतुक वाटतंय हो तुमचं," बायको म्हणाली. "आता माझ्या बशा परत मिळतील का?"

दीड तासाने गाडी आली. ताई सगळ्या वाटेने बोलत होती हे तिच्या बसलेल्या घशावरून कळत होतं. धरणापर्यंत जाऊन, भिंतीवर पाच मिनिटं पाण्याकडे बघत उभं राहून, परत. चढावर तिने दोन मोटारसायकली मागे टाकल्या होत्या. तिने इंजिन बंद केलं, किल्ली काढली, क्षणभर मुठीत धरली आणि ग्रंथपालांच्या हातात ठेवली. "दर रविवारी सुरू करायची. आणि रडू नकोस, चष्म्यावर डाग पडतात," असं म्हणून ती हात धुवायला आत गेली. तिच्या मागून बायको गेली.

अंगणात दोघंच राहिले. मावशी पुढच्या चाकापाशी बुटक्या स्टुलावर बसून एकेक पाना पुसून कापडाच्या गुंडाळीत लावत होत्या.

ग्रंथपाल गेले तीन दिवस मनात एक बेत करत होते. या बाई आभार मानू देत नाहीत. तोंड उघडलं की टूथब्रश, जेट, पाना. पण यांचा उजवा कान तर पूर्ण बंद! म्हणजे उजव्या बाजूला उभं राहून बोललं, तर आपलं बोलून होईल आणि त्यांना त्रासही होणार नाही. माणसाने कृतज्ञता कुठं तरी सांडली पाहिजे, नाहीतर ती आत राळ होऊन बसते.

ते मावशींच्या उजवीकडे गेले आणि हळू आवाजात, वाचनालयातल्या आवाजात, बोलू लागले.

"मावशी, मी माझ्या हाताने ताईची गाडी मोडून ठेवली होती. तुम्ही मला हसलात, पण घालवून दिलं नाहीत. तुमचं ऐकू येत नाही हे तुम्ही कुणाला सांगत नसाल, ते माझ्यासारख्या परक्यासमोर सांगितलंत, आणि माझ्या कानावर विश्वास ठेवलात. माझ्या कानाचा कुणाला काही उपयोग होईल असं मला कधी वाटलंच नव्हतं. मी लोकांना नुसता गप्प करत आलो. ताईने मला लहानाचं मोठं केलं, तिला मी आजवर काही देऊ शकलो नव्हतो. आज दीड तास देता आला. तो तुमचा आहे. मी तुम्हाला कधीच विसरणार नाही. एवढंच."

या वेळी कुणी त्यांना थांबवलं नाही. मावशींनी मधे एकदोनदा मान वर करून, उन्हाने डोळे बारीक करत त्यांच्याकडे पाहिलं होतं, आणि पुन्हा खाली घातली होती. ग्रंथपालांना अगदी हलकं वाटलं. त्यांनी चष्मा पुसला.

मावशींनी शेवटचा पाना गुंडाळीत सरकवला, गाठ मारली, उठून उभ्या राहिल्या आणि नळी गळ्यात नीट करत म्हणाल्या, "डेपोत एकवीस वर्षं होते मी, पुस्तकवाले, ओठ वाचता येतात मला."